त्यांच्याकडे काय उतरलं?

"बाई, त्यायच्याकडं काल राती काय उतरलं वो?"

काकूंनी हे विचारलं तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते. खामगावच्या मे महिन्यात सात वाजले की अंगणातली कामं आवरायला लागतात. भिंतीच्या पलीकडे काकूंच्या खाटेवर कुरडया, अलीकडे माझ्या खाटेवर सरगुंडे, आणि मधे छातीएवढी भिंत. तिच्या एका जागेचा गिलावा काकूंच्या कोपरानं कधीच गेलेला आहे. "त्यायच्याकडं" म्हणजे कोणाकडं, हे विचारावं लागत नाही. आमच्या घाटपुरीकडच्या कॉलनीत पोर्च असलेलं घर एकच. समोरचं.

"फ्रिज असेल," मी म्हटलं.

"फ्रिजले चार माणसं लागतात काय? छोटा हत्ती आला होता. वरून ताडपत्री बांधेल. मी लाइट न लावता खिडकीतून पायलं. माणसाच्या उंचीची पेटी! आधी म्हटलं कपाट हाय. मंग उजेडात आली तं वरती काच. अन् काचेखाली दोन दांडे, लाल बोंडाचे, मोटारीच्या गेरवानी. दारातून तं गेलीच नाई. आडवी करून पायली, तिरपी करून पायली. बुढ्याच्या आपल्या सूचना चालू, इकडून घ्या, तिकडून घ्या. शेवटी पोर्चमंधीच ठेवली, कूलरपाशी."

अक्षय्य तृतीयेला आमच्या जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते. पाऊस कसा पडेल, कपाशी कशी येईल, राजा टिकेल का, सगळं दुसऱ्या दिवशी पहाटे सांगतात. शेजाऱ्यांकडे काय उतरेल हे तेवढं सांगत नाहीत. त्यासाठी काकू लागतात.

उलगडा दूधवाल्यानं केला. ते गेमचं मशीन होतं. पूर्वी पार्लरमध्ये असायचं तसलं, उभ्यानं खेळायचं. पुण्याहून नातवंडं आलीत म्हणून आजोबांनी पाच दिवसांसाठी भाड्यानं आणलं. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटानं आलं. भाडं दूधवाल्याच्या तोंडी तीन हजार होतं. इस्त्रीवाल्याकडे पोचेपर्यंत ते पाच झालं, आणि दुपारी मंदिरातून परतणाऱ्या बायकांनी सात सांगितलं, डिपॉझिट वेगळं.

काकूंना मशीन खटकलं नाही, भाडं खटकलं. "येवढा बंगला. पोरगा पुण्याले कंपनीत. अन् नातवायले खेळणं भाड्यानं? इकत घ्या ना!"

आता यात गंमत अशी की भाड्याशिवाय आमच्याकडे एक कार्य होत नाही. बिछायत केंद्र गल्लोगल्ली आहे. गाद्या, सतरंज्या, पातेली, पाण्याचे जार, वरातीची घोडी, हल्ली तर नवरदेवाची शेरवानीसुद्धा. शेतात ट्रॅक्टर तासावर, थ्रेशर पोत्यावर. पण ते सगळं गरजेचं. गरजेसाठी भाडं दिलं तर माणूस व्यवहारी ठरतो, आणि मौजेसाठी दिलं तर उधळ्या किंवा भिकारी, यातलं काय ते बघणाऱ्यावर. काकूंच्या मते समोरचे एकाच वेळी दोन्ही होते.

मी भिंतीवरून जरा वाकून म्हटलं, "काकू, व्हीसीआर आठवतो का?"

काकू कुरडई उलटवायच्या थांबल्या.

आठवत होता. न आठवून सांगतात कोणाला? रामायण सुरू झालं 25 जानेवारी 1987 ला, तेव्हा या ओळीत एकच टीव्ही होता, काळा-पांढरा, आणि रविवारी सकाळी त्याच्यापुढे चपलांचा ढीग. त्यानंतर वर्षभरानं काकूंच्या थोरल्याचं जावळ झालं. तेव्हा काकांनी बाजारातून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणला होता. सोबत तीन कॅसेटी. डिपॉझिट म्हणून रेशनकार्ड ठेवून घेतलेलं! काकू चार दिवस धास्तावलेल्या, की काही बिघडलं तर रॉकेल बंद. कॅसेटींचा क्रमही ठरलेला. आधी 'जय संतोषी माँ', म्हाताऱ्यांसाठी. मग 'शोले'. तिसरी दादा कोंडक्यांची, ती बायका-पोरं झोपल्यावर लावायची होती. पण बायका झोपल्या नाहीत आणि पोरं तर नाहीच नाही. मध्यरात्री चित्रावर मुंग्या आल्या. व्हीसीआरवाल्यानं जाताना युक्ती सांगून ठेवली होती: झाकण काढायचं आणि कोरी नोट हेडवर हलक्या हातानं फिरवायची. कोरी नोट कुणाकडे निघेना. शेवटी जावळाच्या आहेरातलं पाकीट फोडलं.

"अन् मोठ्या नणंदेचंच पाकीट फोडलं," काकू म्हणाल्या. "अकराच रुपये निघाले त्यातून. थेव्हापासून बोलत नाई थे."

तर हा आमच्या गल्लीचा भाड्याच्या मौजेचा इतिहास. त्या रात्री अंगणात किती माणूस होतं ते कुणी मोजलं नाही. पण सकाळी सातला व्हीसीआर परत द्यायचा आहे, हे प्रत्येकाला माहीत होतं, म्हणून कुणी उठलं नाही. पुढं काकूंनी स्वतःचा व्हीसीआर घेतला. त्यावर क्रोशाचं आवरण घातलं. त्याच्यावर फुलदाणी ठेवली. त्यानंतर तो चालू केलेला मी तरी पाहिला नाही.

दुपारी माझा भाचा आला, आमरसाला. मलकापूरला त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणजे आता मोबाइलचंच जास्त. पेटी पाहिल्यावर त्याची भूक गेली. समोरच्यांच्या परवानगीनं त्यानं मागचं दार उघडलं, आणि अर्धी गल्ली त्याच्या खांद्यावरून आत डोकावायला लागली.

आतून पेटी जवळजवळ रिकामी होती. प्लायवूड, एक पंखा, वीजपुरवठ्याचा डबा, तारांचा झुबका आणि तळहाताएवढा एक बोर्ड. भाच्यानं सांगितलं की बाहेरचं खोकं जुनं आहे, पंचवीसेक वर्षांचं तरी, पण जीव नवा आहे. पूर्वी या काचेमागे जाड ट्यूब असायची. तिच्यामुळंच पेटी उचलायला चार जण लागत, आणि बंद केल्यावरही हात लावला तर झटका बसायचा. आता पातळ पडदा. पूर्वी एका पेटीत एक खेळ. दुसरा हवा तर बोर्ड बदलायचा. जपानमधल्या कंपन्यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सगळ्यांनी मिळून एकच जोडणी ठरवली, जामा नावाची. 56 टोकांची पट्टी. त्यामुळं कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही खोक्यात बसायला लागला, आणि खेळ जुना झाला तरी खोकं फेकायची गरज उरली नाही. त्याच पट्टीत आता चिनी बोर्ड खोचतात, ज्यात हजारावर खेळ भरलेले असतात.

"हजार?" काकू म्हणाल्या. "पाच दिवसांत हजार खेळ खेळतात काय पोट्टे?"

"एकच खेळतात, काकू," भाचा म्हणाला. "मुस्तफा."

हा मुस्तफा कोण, हे पस्तिशी-चाळिशीतल्या कुठल्याही पोराला विचारा. कॅपकॉम कंपनीचा 1993 चा खेळ. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', एका अमेरिकन चित्रकथेवरून काढलेला. त्यात निवडायला चार जण, त्यातला पिवळी टोपी घातलेला पळायला सगळ्यांत चपळ. त्याचं नाव मुस्तफा. आपल्याकडच्या पोरांनी खऱ्या नावाचा नाद सोडला आणि सगळा खेळच त्याच्या नावावर करून टाकला. भाच्यानं दहावीचं वर्ष याच मुस्तफाच्या पायी घालवलेलं, असं माझी बहीण आजही म्हणते. मशीनं तेव्हा पानठेल्यावर, एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात, सायकलच्या दुकानात असायची. मालक वेगळा, जागा वेगळ्याची. आठवड्याला पेटी उघडायची, नाणी जमिनीवर ओतायची, आणि मशीनवाला नि जागावाला यांनी निम्मी-निम्मी करायची, अशी ती पद्धत.

"अन् पोट्टे काय कमी होते?" भाचा आता रंगात आला. नाण्याला भोक पाडून दोरा बांधायचा, आत सोडायचं, क्रेडिट पडलं की वर ओढायचं. गॅसच्या लायटरमधला टकटक करणारा भाग काढून नाण्याच्या खाचेजवळ ठिणगी पाडायची. मशीनला वाटायचं नाणं आलं. त्यामुळं कित्येक मालकांनी खाचेभोवती रबर लावून घेतलं होतं. हे सगळं तो समोरच्या नातवादेखत सांगत होता, आणि नातू फार लक्षपूर्वक ऐकत होता. मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

कोपऱ्यावरच्या गुरुजींना वेगळीच शंका आली. "याला परवाना लागतो ना? व्हिडिओ गेम म्हणजे जुगार, पेपरात धाडी वाचतो आपण."

गुरुजींचं अगदीच चूक नव्हतं. व्हिडिओ गेमच्या पाटीमागे पैशाचे आकडे लावायचे धंदे पुष्कळ चालले, त्यानं साध्या मशीनवाल्यांचं नाव खराब झालं. कर्नाटकातल्या गेमवाल्यांचं प्रकरण 1995 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, आणि परवान्याची अट न्यायालयानं उचलून धरली होती. आपल्याकडे पार्लरवर करमणूक शुल्क असायचं, 1923 च्या कायद्याखाली. ते 2017 च्या जुलैत जीएसटी आल्यावर गेलं. पण तोवर वसूल करायला पार्लर कुठं उरलं होतं? आधी घराघरांत टीव्हीला जोडायचे काडतुसांचे गेम आले. कॉन्ट्रा, मारिओ, बंदुकीनं बदकं मारायची. चालेना की काडतुसात फुंकर मारायची. मग सायबर कॅफे, मग मोबाइल. पार्लरवाल्यांनी मशीनं भंगारात घातली किंवा कोपऱ्यात सरकवून त्यांच्यावर चिप्सची पाकिटं टांगली. बुलढाण्याच्या या भाडेवाल्यानं ती स्वस्तात उचलली, रंगवली, आणि आता वाढदिवस, साखरपुडा, सुट्टीतली नातवंडं, जिथं बोलावतील तिथं छोट्या हत्तीत घालून नेतो.

"पण घरी कोण भाड्यानं नेईल मशीन, असं आधी कोणालाच वाटत नसेल ना?" मी विचारलं.

यावर भाच्यानं जे सांगितलं ते मला फार आवडलं. जपानमधल्या ओसाकाची एसएनके कंपनी. 1990 मध्ये तिनं निओ जिओ नावाचं यंत्र काढलं. दुकानातल्या पेटीत जे सर्किट, तेच घरच्या डब्यात. काटछाट काही नाही. त्यामुळं किंमत अशी की घरगुती गिऱ्हाईक घेणार नाही, हे कंपनीला स्वतःलाच पटलेलं. म्हणून घरचा डबा विकायचा नाही, भाड्यानंच द्यायचा, असं ठरलं. तर लोक म्हणाले भाडं नको, किंमत सांगा. पुढच्या वर्षी अमेरिकेत तो साडेसहाशे डॉलरला विकायला निघाला, आणि एकेका खेळाचं काडतूस दोनशे डॉलरच्या घरात. तरी घेणारे निघाले. एक कार्डही निघालं होतं त्याचं. अर्धा डाव घरी खेळायचा, कार्डात साठवायचा, खिशात घालून दुकानात जायचं आणि तिथल्या पेटीवर पुढं चालू.

म्हणजे जपानमध्ये भाड्यापासून सुरुवात होऊन लोक विकत घ्यायला गेले, आणि आमच्याकडे ज्यांना विकत घेणं परवडतं ते भाड्यानं आणायला लागले. काकूंना हे मी समजावून सांगितलं.

"साडेसहाशे डॉलर म्हंजे किती?"

"तेव्हाचे पंधरा हजार तरी."

"तेवढ्यात एक चांगली म्हैस आली असती," काकू म्हणाल्या, आणि जपानचा विषय संपला.

संध्याकाळी सहाला ऊन उतरलं आणि काकूंनी वाटीभर कुरडईचा चीक घेतला. चीक घेऊन शेजाऱ्याकडे जायला कारण लागत नाही, चीक हेच कारण. मीही सोबत गेले. चीक जड असतो, दोघी लागतात.

पोर्चमध्ये जत्रा होती. नात आठवीतली, नातू पाचवीतला, आणि त्यांच्याभोवती आमच्या ओळीतली एकूण एक मुलं, ज्यांना एरवी शोधायचं तर वायफायच्या पासवर्डचा माग काढावा लागतो. दांडे दोन, त्यामुळं दोघं खेळणार, बाकीचे ओरडणार. ओरडणाऱ्यांचंच काम अवघड दिसत होतं. मी नातीला विचारलं, "पुण्याला तुमच्याकडे असेल ना गं असलं काही?"

"प्लेस्टेशन आहे ना," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ते केव्हाही खेळता येतं."

म्हणून कुणी खेळत नाही, हे तिनं सांगितलं नाही. तिच्या आईनं सांगितलं.

मला विचाराल तर आजोबांनी पाच दिवसांचे पैसे मोजले ते मशीनसाठी नव्हते. सहाव्या दिवशी ते जाणार, यासाठी होते. कपाटात कायमचं असलेलं यंत्र शेजारच्या पोराला बोलवत नाही. उद्या जाणारं बोलवतं. अर्थात आजोबांच्या डोक्यात एवढं काही असेल असं नाही. त्यांना बहुधा गेल्या वर्षीसारखं नातवंडांनी तिसऱ्या दिवशी "बोर होतंय" म्हणायला नको होतं.

पण खरी कमाल आजींची. भाडेवाल्यानं मशीन आतल्या एका बारीक स्विचनं फुकट खेळायच्या सोयीवर लावून दिलं होतं. आजींनी ते त्याच्याकडून बदलून घेतलं. नाणं टाकल्याशिवाय चालता कामा नये. "फुकट असलं तर हे जेवायला उठणार नाहीत," असं त्यांचं म्हणणं. घरातली सुटी नाणी एका डब्यात, प्रत्येकाला रोजची ठरावीक, आणि जमलेली सगळी शेगावला महाराजांच्या दानपेटीत. व्यवस्था चोख होती. फक्त मशीन नाणी थुंकायला लागलं.

रुपया टाकला की खालच्या तोंडातून खळकन परत. भाच्यानं कारण शोधलं, आणि ते ऐकण्यासारखं होतं. खाचेच्या आत एक छोटा पाळणा असतो. बरोबर मापाचं नाणं त्यात टेकतं, पलीकडे झेपावतं, जाता जाता एका बारीक तारेला धक्का देतं, तारेखालचा स्विच दाबला जातो आणि पडद्यावर क्रेडिट पडतं. माप लहान असेल तर नाणं पाळण्यातून निसटून परत येतं. हे मशीन जुन्या स्टीलच्या रुपयाला जुळवलेलं, 1992 पासून आलेला तो, 25 मिलिमीटरचा, 4.85 ग्रॅमचा. सरकारनं 2011 मध्ये रुपया लहान केला, 22 मिलिमीटरचा. तो निसटणारच. मात्र त्याच साली जे नवं दोन रुपयांचं नाणं निघालं ते बरोब्बर 25 मिलिमीटर आणि 4.85 ग्रॅम. टाकून पाहिलं. क्रेडिट पडलं.

"म्हंजे महागाई मशीनलेबी समजली," गुरुजी म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. त्यानंतर परवान्याचा विषय त्यांनी काढला नाही. उलट घरी जाऊन दोनची नाणी घेऊन आले.

साडेसातला वीज गेली. खामगावात आता पूर्वीसारखं भारनियमन नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणी असलं मशीन आणलं असतं तर भाडं दिवसाचं आणि वीज पहाटेची, अशी गत झाली असती. पण मेमध्ये वारा सुटला की तार कुठंतरी टेकतेच. मुस्तफा शेवटून दुसऱ्या टप्प्यात होता. अंधारात जो आवाज उठला तो ऐकून पलीकडच्या गल्लीतून माणसं विचारायला आली, कोणाला काय झालं. आजोबा इन्व्हर्टर शोधायला गेले. भाचा म्हणाला, जुनी ट्यूबची पेटी असती तर घरगुती इन्व्हर्टरला जरा जडच गेली असती. ही ओढते दोन-तीन जुन्या बल्बांएवढी. इन्व्हर्टरवर मशीन लागलं, पण डाव पहिल्यापासून. नातवानं तोंड फिरवलं.

त्या रिकाम्या मिनिटात काकू दांड्यापाशी उभ्या होत्या. कशा पोचल्या, कोणी पाहिलं नाही.

"यात ते मारामारीशिवाय काही हाय का?"

नातीनं यादी खाली सरकवली आणि पॅकमॅन लावला. पिवळं गोल तोंड, चक्रव्यूह, ठिपके खात सुटायचं, मागे चार भुतं. नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी 1980 मध्ये काढलेला. तेव्हा पार्लरमध्ये सगळे बंदुकांचे आणि परग्रहवाल्यांचे खेळ, गर्दी पुरुषांची. बायका-मुलींनीही यावं म्हणून काय करावं या विचारात त्यांना खाण्याचा विषय सुचला. हे भाच्यानं सांगताच काकूंनी हात थांबवला.

"बायकांसाठी म्हून खायाचा खेळ? अन् खातं कोण? थे तोंड. बाई काय करते? धावते. मागं भुतं." पुन्हा दांडा धरला. "बराबर काढला त्यानं."

पहिली दोन नाणी गेली. तिसऱ्याला काकूंना कळलं की मोठा ठिपका गिळला की थोडा वेळ भुतंच पळायला लागतात आणि आपण त्यांना खाऊ शकतो. त्यानंतर त्यांनी ठिपक्यांकडे लक्षच दिलं नाही. प्रत्येक भुताला नाव ठेवलं. नावं सगळी सासरकडची होती. एक तर त्या अकरा रुपयांच्या नणंदेचंच. पोरं भोवती गोळा झाली. नातू परत आला. मी काकूंचा चीक घरात नेऊन ठेवला, कारण तो थंड होत होता आणि मला खेळायला कुणी बोलवत नव्हतं.

नंतर मलाही मिळालं. मुस्तफाच. चारातली बाई निवडली, हॅना तिचं नाव. वाटेत एक अजस्र डायनासोर उभा होता. मी घाबरून गुद्दा मारला. तो चवताळला.

"काहून मारलं थ्याले?" काकू मागून ओरडल्या. "थे बिचारं आपल्या वाटेनं जाऊन रायलं होतं!"

आणि खेळाचं म्हणणं नेमकं तेच आहे. त्यातले खलनायक शिकारी आहेत, जनावरं नाहीत. डायनासोरला डिवचलं नाही तर बहुतेक वेळा तो आपल्याला डिवचत नाही. हे काकूंना न खेळता कळलं होतं आणि भाच्याला दहावी घालवूनही नव्हतं.

पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी सकाळी भाडेवाला आला, पस्तिशीतला पोरगा, हसतमुख. आणि मग खरी भानगड झाली. नाण्यांचा कप्पा कुलपात, आणि चावी त्याच्याकडे. आत महाराजांचे पैसे. आजी म्हणाल्या, उघड. तो म्हणाला, उघडतो, पण जुन्या पद्धतीनं पाहिलं तर पेटीतलं निम्मं मशीनवाल्याचं.

गल्लीचे दोन तट पडले. इस्त्रीवाल्याचं म्हणणं, धंद्याचा नियम तो नियम. गुरुजींचं म्हणणं, निम्मं केव्हा? जागा फुकट घेतली तेव्हा. इथं भाडं वेगळं मोजलेलं आहे. एकाच वस्तूचं दोनदा घेता येत नाही. गुरुजी चाळीस वर्षं गणित शिकवत होते, त्यांच्यापुढं कोण बोलणार? शिवाय शेगावच्या पैशांत वाटा मागायचा, तेही या जिल्ह्यात राहून, हे त्या पोराच्याही लक्षात आलं असावं. "मी गंमत केली, आजी," म्हणत त्यानं कप्पा उघडला.

ताटात नाणी ओतली. दोनची भरपूर. जुने मोठे रुपये थोडे, ते कुणाच्या तरी देव्हाऱ्यातले असावेत. दोन लोखंडी वॉशर. आणि एक दोरा बांधलेलं नाणं. सगळ्यांनी नातवाकडे पाहिलं. नातवानं माझ्या भाच्याकडे पाहिलं. भाचा आमरस खाऊन मलकापूरला परत गेलेला होता, हे बरं झालं.

काकूंनी ताटातली सहा नाणी वेगळी काढली. "हे माह्ये. माह्या हातानंच वाहीन महाराजाले." आजींना ते आवडलं नाही, पण पुण्याचा हिशेब भिंतीवरून करता येतो, पोर्चमध्ये नाही.

पेटी छोट्या हत्तीत चढली, ताडपत्री बांधली. पोरं पांगली. आणि मी पाहते तो काकू गाडीच्या पलीकडच्या बाजूनं त्या पोराशी बोलताहेत. थोरल्याच्या मुलाचं, म्हणजे नातवाचं जावळ पुढच्या महिन्यात आहे. मी कान तिकडे ठेवून अंगण झाडायला लागले.

"पाच दिवस नको, एक दिवस. अन् चाबी आमच्यापाशी राहीन."

"चालेल, काकू."

"रेशनकार्ड देणार नाई."

तो गोंधळला. "रेशनकार्ड कशाला?"

"बरं. भाडं सांग."

त्यानं सांगितलं. मला ऐकू आलं नाही, काकूंनी कपाळावर हात मारलेला तेवढा दिसला.

"अरे, मले हजार खेळ कायले पायजेत? बाकीचे काढून घे. खायाचा तेवढा ठेव, अन् भाडं त्या हिशेबानं लाव."